रायफल भरलेली आहे की रिकामी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळ-मालवण पट्ट्यात मी पोरापोरींना रायफल शिकवतो. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, एका टोकाला कागदी टार्गेटं आणि त्यांच्यामागे वाळूची पोती, असा आमचा दहा मीटरचा रेंज. इथे तीन तऱ्हेची माणसं प्रश्न घेऊन येतात. एअर रायफल शिकणारी मुलं नि त्यांचे आईबाप, पॉइंट टू-टूच्या (.22 बोअरच्या छोट्या रायफलीच्या) फायरिंगला जाणारे एनसीसीचे कॅडेट, आणि शेतीसंरक्षणाचा परवाना असलेले बागायतदार. हत्यार प्रत्येकाचं वेगळं, पण प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतो: आत काही आहे की नाही, हे मला कळणार कसं? तोंडी किती वेळा सांगितलं याची गणती नाही, म्हणून आता सगळं एकत्र लिहून ठेवतोय.

रायफल "भरलेली" आहे असं नेमकं कधी म्हणायचं?

गोळी असण्याच्या जागा दोन: मॅगझिन, म्हणजे खालून बसवायची गोळ्यांची पेटी, आणि चेंबर. चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची जागा, जिथे काडतूस बसतं आणि पिन त्यावर आदळते. बार उडतो तो चेंबरमधल्या काडतुसाचा. मॅगझिनमध्ये पाच गोळ्या आहेत आणि चेंबर रिकामं आहे, तर चाप ओढल्यावर नुसती 'टक्' होते. उलट, मॅगझिन काढून खिशात टाकलं पण चेंबरमध्ये एक राहिली, तर ती रायफल पुरती भरलेली आहे. जिवावर बेतते ती ही दुसरी अवस्था, कारण मॅगझिन हातात दिसतं आणि मन म्हणतं, झाली रिकामी.

म्हणूनच रिकामी करताना क्रम मोडायचा नाही. आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता दट्ट्या, मागे घ्यायचा. उलटं केलंत तर बोल्टसरशी चेंबरमधली गोळी बाहेर पडते, तुम्ही समाधानाने बोल्ट पुढे लोटता, आणि तोच बोल्ट मॅगझिनमधली पुढची गोळी उचलून चेंबरमध्ये नेऊन बसवतो. बाहेर पडलेली गोळी जमिनीवर डोळ्यांसमोर असते, त्यामुळे संशयही येत नाही.

एक गोष्ट मुलं हमखास गल्लत करतात. काही रायफलींत बोल्टच्या मागे एक दांडा किंवा लाल ठिपका बाहेर येतो. ती स्प्रिंग ताणलेली असल्याची खूण आहे, म्हणजे रायफल कॉक झालेली आहे. पुढे गोळी आहे की नाही, याबद्दल तो ठिपका काहीच सांगत नाही.

नेम धरण्याआधी ती भरलेली आहे हे बघायचंच कशाला? चाप ओढल्यावर कळेलच की.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

एका शिबिरात घडलेलं सांगतो. एक मुलगी पहिल्यांदाच पॉइंट टू-टू घेऊन लेटली होती. मॅगझिन लावलं होतं, पण वर ढकलताना खटका पुरता बसला नव्हता. बोल्ट पुढे गेला तो गोळीच्या डोक्यावरून, तिला न उचलता. तिने श्वास धरला, चाप ओढला, 'टक्'. आणि पुढच्याच क्षणी ती रायफलीसकट वळून मागे माझ्याकडे बघायला लागली, "सर, हे चालत नाही." नळी रेषेतल्या दोन मुलांच्या डोक्यांवरून फिरली. त्या वेळी चेंबर रिकामं होतं म्हणून निभावलं. पण ते रिकामं आहे हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. तीच 'टक्' खराब काडतुसाची असती, तर बार मागून उशिराने उडू शकला असता.

बार उडेल अशी अपेक्षा असताना तो उडाला नाही की माणूस गोंधळतो, आणि गोंधळलेल्या माणसाची नळी भरकटते. आधी खात्री केलेली असेल तर 'टक्'चा अर्थ एकच उरतो: काडतूस दगा देतंय, नळी टार्गेटवरच ठेव. खात्री केली नसेल तर तिचे चार अर्थ निघतात आणि चारही वेळा हात वेगळं काहीतरी करू बघतो.

शिवाय 'भरलेली आहे का' आणि 'रिकामी आहे का' या दोन वेगळ्या तपासण्या नाहीत. डोळा त्याच ठिकाणी न्यायचा असतो. ज्याला भरलेलं चेंबर ओळखता येत नाही, त्याने "रिकामी आहे" म्हटलेलं मी मानत नाही.

बोल्टच्या पॉइंट टू-टूत खात्री करायची ती कशी?

ही तपासणी फायरिंग पॉइंटवरच, भरण्याचा हुकूम मिळाल्यावरच करायची. नळी टार्गेटकडे. बोट चापाच्या कड्याबाहेर, नळीला समांतर सरळ ठेवलेलं. पुष्कळ रायफलींत सेफ्टी (चाप अडवणारा खटका) लावली की बोल्टही अडकतो, म्हणजे बघण्यासाठी सेफ्टी काढावी लागते. म्हणून तर बोटाची जागा इतकी महत्त्वाची.

मॅगझिन बसवलं की एकदा खाली ओढून बघा. नीट बसलेलं मॅगझिन हलत नाही. मग बोल्ट पूर्ण मागे घेऊन मनात न कचरता पुढे लोटा. हळूहळू चोंबाळत लोटलेला बोल्ट गोळी तिरकी अडकवतो. लोटताना हाताला किंचित अडथळा जाणवतो, गोळी मॅगझिनच्या ओठांतून सुटून चेंबरमध्ये सरकते तो. सवय झालेल्या हाताला रिकाम्या चेंबरवर बंद होणारा बोल्ट वेगळा कळतो, थोडा पोकळ. पण हाताला कळलं एवढ्यावर थांबू नका.

बोल्टचा दांडा वर उचला आणि बोल्ट अंदाजे करंगळीच्या पेराएवढा मागे घ्या, जास्त नको. दांडा वर असेपर्यंत, रायफल धड असेल तर, पिन पडत नाही. वरच्या फटीतून बघा: पिवळ्या पितळेची एक चकती, कडेला बोल्टच्या नखीने धरलेली. दिसली? बोल्ट पुन्हा पुढे, दांडा खालपर्यंत. दांडा अर्धवट राहिला तर पिनला पुरेसा जोर मिळत नाही. बोल्ट फार मागे ओढलात तर गोळी बाहेर उडते, किंवा तिच्या पाठीवर दुसरी येऊन चढते. तसं झालं तर ओढाताण न करता मॅगझिन काढा आणि पहिल्यापासून सुरू करा.

पन्नास मीटरच्या स्पर्धेत एका वेळी एकच गोळी हाताने ठेवायची असते, तिथे ही कटकट नाही. अंगठ्याने आत सरकवलेली गोळी अंगठ्यालाच ठाऊक असते.

इन्सास किंवा एसएलआरसारख्या लष्करी रायफलीत हेच करायचं?

तत्त्व तेच, पण ती हत्यारं तुमच्या हातात आली तर प्रशिक्षक शेजारी असतोच आणि त्याचा हुकूम चालतो. एक युक्ती तेवढी सांगतो. या मॅगझिनमध्ये गोळ्या दोन रांगांत एकाआड एक बसतात. लावण्याआधी सर्वांत वरची गोळी कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवा, समजा उजवीकडे. भरून झाल्यावर मॅगझिन काढून पाहिलं आणि वरची गोळी डावीकडे दिसली, तर एक चेंबरमध्ये गेली. एनसीसीत 'निरीक्षण के लिए जाँच शस्त्र' हा हुकूम मुलं कवायतीसारखा उरकतात. त्या क्षणी चेंबरमध्ये खरोखर नजर घालायची असते, दोघांनी: ज्याच्या हातात हत्यार आहे त्याने, आणि जो तपासतो त्याने.

चेंबर भरल्याचा इंडिकेटर असतो ना?

काही हत्यारांना असतो. मळ बसून तो अडकतो, झिजतो. दिसला तर चेंबर उघडून बघा, नाही दिसला तरी उघडून बघा.

एअर रायफलमध्ये तर काडतूस नसतं. तिथे काय बघायचं?

इथे काम जरा अवघड आहे. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा एकदा नळीत सरकवला की बाहेरून दिसत नाही. पितळेची चकती नाही, काही चमकत नाही. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात. चाळिसाव्या शॉटच्या पुढे मुलांना हमखास प्रश्न पडतो, "घातला होता का मी?" आणि मग ती दुसरा छर्रा आणखी घालतात, किंवा नुसती हवा सोडतात.

मी हाताचा क्रम बांधून देतो: छर्रा डबीतून काढला, नळीच्या मागच्या तोंडाशी ठेवला, सरकवला, झाकण मिटलं, आणि मगच रायफल खांद्याकडे. मध्ये घाम पुसायचा, पाणी प्यायचं, प्रशिक्षकाकडे बघायचं असेल तर छर्रा ठेवण्याच्या आधी. एकदा ठेवला की शॉट सुटेपर्यंत दुसरं काही नाही. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली तळवे घामेजतात, त्यामुळे मध्येच टॉवेल घेण्याचा मोह फार होतो. तिथेच गल्लत होते.

रिकामी असल्याची खूण म्हणजे सेफ्टी दोरी. भडक नारिंगी रंगाची ही दोरी मागून घालून पुढे नळीच्या तोंडातून बाहेर दिसली पाहिजे. आरपार गेली म्हणजे नळीत छर्रा नाही, याला दुसरा पुरावा लागत नाही. दोरी मध्येच अडली तर ती रायफल रेषेवरून उचलायची नाही, हात वर करून प्रशिक्षकाला बोलवायचं.

चाप ओढून बघितलं तर? 'टक्' झालं की रिकामी.

नाही. ती तपासणी नव्हे, तो शॉट आहे, फक्त तुम्ही त्याला तपासणी म्हणताय. शिवाय जुन्या पॉइंट टू-टूत पिन काडतुसाच्या कडेवर आदळते. काडतूस नसेल तर ती थेट चेंबरच्या कडेवर बसून पिनही बिघडते आणि कडही. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या एअर गनमध्ये छर्रा नसताना चाप ओढला तर पिस्टन बिनअडथळा जाऊन आपटतो.

आमच्याकडे दोन नळ्यांची बारा बोअर (छर्ऱ्यांच्या काडतुसाची बंदूक) आहे. ती मोडून बघितली की झालं ना?

सगळ्यात सोपं हत्यार तेच. नळ्या मोडा: दोन पितळी बुडं दिसली तर भरलेली, दोन गोल भोकांतून पलीकडचा उजेड दिसला तर रिकामी. उजेड बघायचा तो मागून, नळीच्या तोंडाकडून कधीच नाही.

पण "उजेड दिसतो का" हे खरंच बघा, नुसतं "बुड दिसत नाही" एवढ्यावर जाऊ नका. कारण असं: वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या चेंबरमध्ये घातलं तर ते आत सरकून पुढे, जिथे नळी अरुंद होते तिथे, जाऊन अडकतं. चाप ओढला तर पिन पोचत नाही, 'टक्' होते. माणूस नळी मोडून बघतो, बुड दिसत नाही, त्याला वाटतं घालायचंच राहिलं. मग तो बारा बोअरचं घालतो आणि ते अगदी व्यवस्थित बसतं. तो बार उडाला की नळी फाटते, आणि फाटते ती डाव्या हाताच्या जवळ. वीस बोअरची काडतुसं बहुधा पिवळी करतात ती याचसाठी. घरात दोन्ही आकार असतील तर एका पिशवीत कधीच ठेवू नका.

आजोबांची ठासणीची बंदूक आहे, परवान्यावर. ती भरलेली आहे का हे कसं कळणार?

इथे उघडून बघायला काही नाही. नळी मागून बंद, बार तोंडातूनच ठासायचा. वरची टोपी (ठिणगी पाडणारी) काढली म्हणजे रिकामी झाली असं लोक समजतात, ते चूक आहे. दारू, चिंधी आणि छर्रे आतच असतात, एका ठिणगीची वाट बघत.

माझ्या वडिलांची पद्धत सांगतो. माजघराच्या दारामागे बंदूक असायची आणि तिच्या गजावर (बार ठासायच्या सळीवर), वरून हातभर खाली, तांब्याच्या तारेचे दोन वेढे घट्ट मारलेले असायचे. बंदूक रिकामी नि साफ असताना गज तळापर्यंत सोडून, नळीच्या तोंडाशी बरोबर जिथे येतो तिथे ते वेढे घातले होते. नंतर केव्हाही गज आत सोडायचा. वेढे तोंडाला टेकले तर आत काही नाही. चार बोटं वर राहिले तर चार बोटांचा बार भरलेला आहे. रिकाम्या नळीत गज लोखंडावर वाजतो, 'टण्ण'. भरलेल्या नळीत आवाज बसका येतो, पोत्यावर काठी मारल्यासारखा. हे करताना आधी टोपी काढायची, आणि चेहरा नि हाताचा तळवा नळीच्या तोंडासमोर आणायचा नाही. गज दोन बोटांत कडेने धरायचा.

वर्षानुवर्षं टांगलेल्या बंदुकीत बार निघाला तर तो कोरून काढू नका. परवानाधारक दुरुस्तीवाल्याला घरी बोलवा.

'टक्' झालं, बार उडाला नाही. आता?

नळी टार्गेटकडे, जागचं हलायचं नाही, तीस सेकंद मोजायचे. पॉइंट टू-टूचं स्फोटक काडतुसाच्या कडेत असतं. ओल शिरली किंवा एखाद्या जागी ते कमी पसरलं असेल तर बार उडत नाही, क्वचित उशिरा उडतो. तीस सेकंदांनी बोल्ट उघडा, तोंड बाजूला ठेवून. ठासणीच्या बंदुकीला मी दोन मिनिटं सांगतो.

याहून फसवं म्हणजे फुसका बार. आवाज आला पण नेहमीचा नाही, खांद्याला धक्काही नाही. तेव्हा गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढची गोळी घालू नका. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, नळीत सळी घालून बघितल्याशिवाय ते फायरिंग तिथेच थांबलं.

आपल्याकडच्या दमट हवेचा याच्याशी काही संबंध?

भरपूर. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी चेंबरमध्ये तांबेरा धरतो. काडतूस पुरतं आत जात नाही, बोल्टचा दांडा केसभर वर राहतो आणि तुम्हाला वाटतं बसला. पितळेवर हिरवट थर चढलेलं किंवा कागदी कवच फुगलेलं काडतूस घालूच नका.

आणि कृपा करून खोबरेल तेल लावू नका. घरोघरी लावतात, मला माहीत आहे. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. मार्गशीर्ष-पौषातल्या पहाटे ते पिनच्या खोबणीत मेणासारखं बसतं आणि पिन जोराने पडत नाही. पुढे जुनं होऊन चिकटही होतं. हत्यारासाठी बनवलेलं पातळ तेल वापरा, आणि फायरिंगआधी चेंबर कोरड्या चिंधीने पुसून घ्या.

वडीलधारं माणूस "रिकामी आहे" म्हणून हातात देतं. त्यांच्यासमोर उघडून बघणं बरं दिसतं का?

आमच्याकडे मोठ्या माणसाच्या शब्दावर शंका घेणं जड जातं, हे खरं. मलाही गेलं आहे. काका बंदूक पुढे करतात, "रिकामीच आसा रे, घे." तेव्हा मी नळी जमिनीकडे करून म्हणतो, "काका, उघडून बघतंय हां," आणि बघतो. त्यांनाही दाखवतो. आजवर कुणी रागावलं नाही. दुसऱ्यांदा देताना काका स्वतःच नळी मोडून, उघडी करून पुढे करतात. हत्यार देताना उघडंच द्यायचं, हीच खरी रीत.

अर्ध्या मिनिटापूर्वी स्वतःच तपासून टेबलावर ठेवलेली रायफलही पुन्हा उचलताना बघायची. माझ्या रेंजवर पाठ फिरवून परत आलेल्याला हा नियम आहे, आणि मलाही आहे.

राखणीला जाताना बंदूक भरून न्यावी की रिकामी?

आधी कायद्याचं. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. पिकाची नासाडी होत असेल तर कलम ११ खाली वन खात्याच्या अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी घ्यावी लागते, तिच्याशिवाय नाही.

आता चालण्याचं. भात पिकायला आलं की रात्री माणसं मळ्यात जातात. वाट कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे: ओला बांध, शेवाळलेली पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), मध्ये दोन-तीन गडगे (दगड रचलेली कुंपणं). गडगा ओलांडताना हात धरायला लागतो, बंदूक पलीकडे टेकवली जाते, नळी आपल्याच पोटाकडे येते. घरापासून राखणीच्या माळ्यापर्यंत (मचाणापर्यंत) बंदूक रिकामी आणि मोडलेली न्यायची. काडतुसं खिशात. माळ्यावर बसल्यावर, कोण कुठे बसलंय हे एकमेकांना हाक देऊन कळल्यावर, परवानगी आहे आणि गरज आहे तरच भरायची. भरली की सोबत्याला मोठ्याने सांगायचं, "भरली." उतरण्याआधी रिकामी करायची आणि तेही मोठ्याने सांगायचं. अंधारात नुसत्या आवाजावर किंवा हलणाऱ्या झुडपावर नेम धरायचा नाही. गेलेल्या जिवाबद्दल "मला जनावर वाटलं" हे वाक्य आपल्या भागात पुरेसं ऐकून झालंय. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

आणि कातळावर बार टाकायचा नाही. सड्यावरच्या जांभ्यावरून गोळी उलटते, कुठे जाईल सांगता येत नाही. पॉइंट टू-टूची एवढीशी गोळीसुद्धा मोकळ्यात दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

घरात कशी ठेवायची?

रिकामी, कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरतं, पोरं कोनाकोपरा धुंडाळतात. चतुर्थीच्या आधी एकदा उघडून बघाच, वर्षभर हात लावला नसला तरी. वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत बार काढणं हा शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे.

मला चाळिशी लागली आहे. संध्याकाळी चेंबरमध्ये काही दिसत नाही. काय करू?

पॉइंट टू-टूच्या चेंबरचं तोंड करंगळीपेक्षा अरुंद असतं, त्यामुळे बोट आत घालून कळत नाही. दोन गोष्टी करा. खिशात छोटी बॅटरी ठेवा आणि उजेड वरून सरळ न टाकता तिरका टाका. पितळ असेल तर चमकतं, रिकामं भोक काळंच राहतं. दुसरं, रिकामी असल्याची खात्री करायची असेल तेव्हा मॅगझिन काढून, बोल्ट पूर्ण मागे घेऊन, चेंबर फ्लॅगची (चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून घालायच्या झेंडीची) दांडी आत सरकवा. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर येतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले. त्यांनी नारिंगी फ्लॅगच्या दांडीवर नखाने एक खाच करून घेतली आहे. फ्लॅग खाचेपर्यंत आत गेला की रिकामी, अलीकडे थांबला की आत काहीतरी आहे. ते डोळे मिटून अंगठ्याने ती खाच चाचपतात आणि मगच रायफल खाली ठेवतात.